१२ मिमी एमएसला खालून बर येतोय? आधी जुने आकडे परत टाका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ३ किलोवॅटचं फायबर लेझर मशीन, आयएस २०६२ ची (स्टीलचं भारतीय मानक) १२ मिमी एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची प्लेट, ऑक्सिजनवर कटिंग. महिन्यापूर्वीपर्यंत कट चांगला यायचा. आता खालच्या कडेला बर, म्हणजे वितळून गोठलेला माल, चिकटतो आणि कापलेल्या अंगाचा खालचा तिसरा हिस्सा खडबडीत येतो. म्हणून तुम्ही स्पीड मिनिटाला १ मीटरवरून ०.७ वर आणला, गॅसचा दाब ०.६ बारवरून १.२ केला, फोकस (किरण सगळ्यात बारीक होतो ती जागा, मिलिमीटरमध्ये) +४ चा +२ केला, पॉवर शंभर टक्क्यांवर नेली. बर गेला नाहीच, वर कोपरे जळायला लागले. एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) पातळ शीट नायट्रोजनवर कापता, तिथे काही त्रास नाही. आणि शेवटी विचारलंय, "१२ मिमीला योग्य सेटिंग काय?"

सेटिंग सांगायला मला दोन मिनिटं लागतील, पण त्याने तुमचं काम होणार नाही. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे "महिन्यापूर्वीपर्यंत". त्याच मशीनवर, त्याच आकड्यांवर कट चांगला येत होता. आकडे काही दुधासारखे नासत नाहीत. म्हणजे जे बिघडलं ते स्क्रीनच्या बाहेर कुठेतरी आहे, आणि तुम्ही ते स्क्रीनवर शोधताय. शिवाय चार गोष्टी एकदम हलवल्यामुळे मूळचा दोष आता नव्या चार दोषांखाली गाडला गेलाय. एक गाठ सोडवायला गेलात आणि आणखी चार मारून ठेवल्यात. रागावू नका, आम्ही सगळ्यांनी हे केलंय. मी भोसरीत चौदा वर्षं लेझर जॉबवर्क करतोय, आधी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझरवर आणि नंतर फायबरवर, आणि अजूनही डिलिव्हरीचा ट्रक दारात उभा असला की हात आपोआप स्पीडच्या बटणाकडे जातो.

तेव्हा पहिलं काम: १.० मीटर, ०.६ बार, +४, पॉवर पूर्वी जितकी होती तितकी. चारही आकडे परत. नंतर प्लेटच्या थंड कोपऱ्यात १०० मिमीचा एक चौकोन कापा. तो बाहेर काढायच्या आधी खडूने त्यावर खूण करा की ऑपरेटरच्या बाजूची कड कुठली. ही खूण बहुतेक जण करत नाहीत, आणि अर्धं निदान तिच्यात असतं.

आता तो चौकोन उलटा करून हातात घ्या. चार कडांपैकी एकाच कडेला, किंवा लागून असलेल्या दोन कडांना बर आहे आणि समोरच्या कडा स्वच्छ आहेत का? असतील तर स्पीड, दाब, फोकस यांचा काही दोष नाही. किरण नोझलच्या (किरण आणि गॅस जिथून बाहेर पडतात त्या तोंडाच्या) मध्यातून जात नाही, किंवा नोझलचं भोक अंडाकृती झालंय. गॅस एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी जातो, जिथे कमी जातो तिथे वितळलेला माल खाली ढकलला जात नाही. चारही कडा सारख्याच खराब असतील, तर सेंटरिंगचा संशय सोडा आणि पुढे चला. ठरावीक अंतरावरच बर दिसतो, मध्ये स्वच्छ? मग टेबलाच्या स्लॅट, म्हणजे प्लेट ज्यांवर टेकते त्या पट्ट्या, पाहा. स्लॅटवर जुन्या स्लॅगच्या (गोठलेल्या मालाच्या) गाठी साचल्या की वरून येणारा माल तिथे आपटून परत कडेला चिकटतो. आमच्याकडे एकदा ऑपरेटर दोन दिवस फोकस बदलत बसला होता. मी टेप लावून मोजलं, तर बराचं अंतर आणि स्लॅटचं अंतर तंतोतंत एक.

यानंतर बर कसा आहे ते बघा. चिपिंग हातोडीने टकटक केल्यावर काळे, ठिसूळ, थेंबासारखे तुकडे उडतात का? ते लोखंडाचं ऑक्साईड आहे, म्हणजे जळण्याचं काम नीट झालंय, बाहेर फेकायला थोडं कमी पडलं. स्पीड जरा जास्त असेल किंवा दाब जरा कमी. बर एकसलग पट्टीसारखा असेल आणि एक टोक धरून ओढलं की अख्खा सुटून येत असेल, तर बहुतेक वेळा फोकस वर गेलेला असतो. आणि बर चकचकीत, धातूचा असेल, ग्राइंडर लावल्याशिवाय हलतच नसेल, तर खाली जे साचलंय त्यात न जळलेलं लोखंड आहे. ऑक्सिजन तळापर्यंत पोचलाच नाही, किंवा पोचला तो ऑक्सिजन म्हणण्यासारखा नव्हता. खालचा तिसरा हिस्सा खडबडीत येतो असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे माझा संशय याच तिसऱ्या प्रकारावर आहे. पण तुकडा मी पाहिलेला नाही, तेव्हा हा फक्त संशय.

इथे थोडं आत जायला हवं, नाहीतर पुढचं सगळं पाठांतर वाटेल. जाड एमएस ऑक्सिजनवर कापताना लेझर एकटा कापत नाही. तो लोखंड पेटण्याच्या तापमानाला नेतो, आणि पुढे लोखंड ऑक्सिजनमध्ये जळतं. त्या जळण्यातून येणारी उष्णता कटिंगच्या एकूण उष्णतेचा मोठा भाग असते, ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास. म्हणजे तुमच्या मशीनवर दोन भट्ट्या चालू आहेत. एकीचं बटण तुमच्या हातात आहे, दुसरी गॅसवर चालते. लेझरने स्टील कापायची सुरुवातही अशीच झाली. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी सीओटू लेझरच्या किरणासोबत ऑक्सिजन सोडून १ मिमी जाडीचं स्टील कापलं. गॅसची साथ घेऊन केलेलं लेझर कटिंग तिथून सुरू झालं.

ही दुसरी भट्टी समजली की तुमचे पहिले दोन उपाय उलटे का पडले ते कळतं. स्पीड कमी केला, म्हणजे किरण मागे रेंगाळला आणि जळणारी आघाडी त्याच्या पुढे पळाली. ती पुढे पळते, विझते, किरण मागून येऊन तिला पुन्हा पेटवतो. कडेवर ज्या उभ्या रेघा दिसतात त्या याच चक्राच्या. स्पीड जितका कमी, तितक्या त्या खोल आणि अनियमित, आणि खाली जाता जाता आग बाजूलाही खायला लागते. दाब दुप्पट केला, म्हणजे त्या आगीवर भाता मारला. दोन्ही मिळून कोपरे जळणारच, कारण कोपऱ्यात डोकं आधीच मंदावतं आणि टोकाच्या लोखंडाला उष्णता पळवून न्यायला जागा नसते.

दाब वाढवायची सवय तुम्हाला एसएसने लावली असावी. नायट्रोजनमध्ये काही जळत नाही. किरण वितळवतो आणि गॅस फक्त ढकलतो, म्हणून तिथे १२, १५, कधी त्याहून जास्त बार लागतात, आणि बर आला की दाब वाढवणं हा बऱ्याचदा खरा उपाय असतो. फोकसही तिथे शीटच्या आत ठेवायचा असतो. एमएसला ऑक्सिजनवर हे सगळं उलटं. पातळ शीटला दाब जास्त चालतो, प्लेट जाड होत गेली की दाब उतरतो. १ मिमीला दोन-तीन बार आणि १२ मिमीला अर्धा-पाऊण बार, हे नव्या माणसाला पटतच नाही. आमच्याकडे आयटीआय करून आलेला प्रत्येक पोरगा पहिल्या महिन्यात एकदा तरी म्हणतो, "सर, तक्ता उलटा छापलाय."

आता महिन्याभरात काय बदललं असेल ते शोधू. इथे माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की दोष केव्हा दिसतो. सकाळी पहिला अर्धा तास कट छान आणि मग हळूहळू बिघाड, दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा थोडा वेळ छान? मग प्रोटेक्शन ग्लास किंवा त्यावरची लेन्स तापतेय. काचेवर मोहरीएवढा काळा ठिपका असला तरी तो किरण शोषतो, काच तापते, आणि फोकस स्क्रीनवर +४ दाखवत असतानाच प्रत्यक्षात जागेवरून सरकतो. काच काढून मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरा. सरळ धरून दिसत नाही, तिरकी धरल्यावर ठिपका लगेच दिसतो. काच बदलताना पंखा बंद, शेजारचं ग्राइंडिंग बंद, हात स्वच्छ. सगळ्यात महागडी धूळ ती, जी काच बदलताना आत जाते.

प्रत्येक प्लेटचे पहिले दहा-बारा जॉब छान आणि मग बिघाड, नवी प्लेट लावली की पुन्हा छान? मग प्लेट तापतेय. नेस्टिंगचा, म्हणजे प्लेटवर मांडलेल्या जॉबांचा, कापायचा क्रम बदला, लागोपाठ शेजारचेच जॉब कापू नका, एक इकडे आणि एक तिकडे असे घ्या.

ठरावीक दिवसापासून सगळंच बिघडलं, सकाळ-संध्याकाळ फरक नाही? मग दोनच प्रश्न: नवी प्लेट कधी आली आणि नवे सिलिंडर कधी आले.

सिलिंडरवर जरा थांबतो, कारण याच गोष्टीने माझे तीन दिवस आणि साडेतीन प्लेटा खाल्ल्या होत्या. १६ मिमीच्या बेस प्लेटची ऑर्डर होती. अचानक खालून चिवट बर, अगदी तुमच्यासारखाच. नोझल बदललं, काच दोनदा बदलली, फोकसचं शून्य परत काढलं, सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने स्पीड कमी केला आणि व्हिजिट चार्ज घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचा हेल्पर सिलिंडर ढकलता ढकलता सहज बोलला, "हे नवीन रंगवलेले आले तेव्हापासून पनवती लागलीय." पाच रुपये स्वस्त मिळतो म्हणून मीच गॅसवाला बदलला होता आणि विसरूनही गेलो होतो. शेजारच्या शेडमधून दोन सिलिंडर उसने आणले, जुनेच आकडे टाकले आणि एक रेघ मारली. ठिणग्या सरळ खाली गेल्या. तुकडा उलटा केला, अंगठा फिरवला, कडेवर काही नाही. हेल्परला त्या दिवशी वडापाव मी आणला.

अर्ध्या टक्क्याने एवढं काय होतं, असं वाटेल. साधा औद्योगिक ऑक्सिजन ९९.५ टक्के असतो, लेझरला ९९.९५ किंवा वरचा मागतात. फरक दिसायला चिमूटभर आहे. पण फटीत वरून खाली जाताना ऑक्सिजन लोखंड जाळण्यात खर्च होत जातो आणि त्यातला नायट्रोजन, आर्गॉन मात्र तसाच उरतो. ते जळत नाहीत, जळत्या पृष्ठभागापाशी साचतात आणि ऑक्सिजनची वाट अडवतात. म्हणजे तळापर्यंत जाईतो गॅसमधली घाण वाढलेली असते. म्हणूनच शुद्धता कमी झाली की कटचा वरचा भाग बरा दिसतो आणि खालचा बिघडतो. १ मिमीला हे कळतही नाही, १२ ला कळतं आणि १६ ला रडवतं. तुमच्याकडे तपासायचं मशीन नसणार, माझ्याकडेही नाही. दुसऱ्या गॅसवाल्याचा चांगला लॉट असलेला एक सिलिंडर उसना आणणं हीच आपली प्रयोगशाळा. त्याच वेळी रेग्युलेटर आणि पाइपही पाहा. ०.६ बार इतक्या कमी दाबावर रेग्युलेटर जरा चिकटला तरी कट चालू असताना दाब झुलतो, आणि कडेवर लाटा येतात. कट चालू असताना गेजकडे बघा. मशीन उभं असताना दिसणारा आकडा काही सांगत नाही.

प्लेटचं प्रकरण वेगळं. आयएस २०६२ हा काही एकच माल नव्हे. त्या मानकात ई-२५० ग्रेडला सिलिकॉन ०.४० टक्क्यापर्यंत चालतो, आणि लेझरला सिलिकॉन जितका कमी तितका कट सरळ. दोन वेगवेगळ्या मिलच्या प्लेटा कागदावर एकाच ग्रेडच्या असतात आणि मशीनवर सख्ख्या वैऱ्यांसारख्या वागतात. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि सिलिकॉनचा आकडा वहीत लिहा. वरची मिल स्केल (मिलमधूनच येणारा ऑक्साईडचा काळा थर) घट्ट आणि एकसारखी असेल तर अडचण नाही, पोपडे सुटलेली किंवा गंजाने फुगलेली असेल तर किरण प्रत्येक पावलाला वेगळा पृष्ठभाग बघतो. तसल्या प्लेटवर आम्ही आधी कमी पॉवरने त्याच रेघेवर एक हलका पास मारतो, मग कापतो. वेळ जातो, पण ग्राइंडिंगपेक्षा कमी जातो.

नोझलचं सेंटरिंग सेलोटेपने तपासायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच: नोझलच्या तोंडाला टेप लावा, दार बंद करून कमी पॉवरचा एक छोटा शॉट द्या, टेप काढून भिंगाखाली भोक मध्यात आहे का बघा. दार उघडं ठेवून "फक्त एकच शॉट" देऊ नका. १.०७ मायक्रॉनचा हा किरण डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो.

हे सगळं तपासून झालं, जुने आकडे टाकले आणि तरी कट शंभर टक्के परत आला नाही, तर आता सेटिंगला हात लावा. क्रम माझा असा: आधी फोकस, मग स्पीड, मग दाब, सगळ्यात शेवटी पॉवर. एका वेळी एकच. वेगळा क्रम लावणारे चांगले ऑपरेटरही मी पाहिलेत, त्याबद्दल भांडण नाही. एका वेळी एकच, यावर मात्र भांडेन.

फोकस आधी, कारण तो चुकला की बाकी सगळं त्याची चूक झाकत बसतं. फायबरचा किरण फोकसला ०.१ ते ०.१५ मिमीच्या आसपास असतो. इतक्या अरुंद फटीतून १२ मिमी जाडीचा स्लॅग खाली पडणार कसा? म्हणून जाड एमएसला फोकस प्लेटच्या वर ठेवतात, म्हणजे पृष्ठभागावर किरण पसरलेला पोचतो, फट रुंद होते, गॅस आत जातो आणि माल खाली पडतो. तुम्ही +४ वरून +२ ला गेलात, म्हणजे फट अरुंद केलीत. माल अडकला, कड खालून आणखी खडबडीत झाली. याउलट फार वर गेलं की वरची कड गोलसर होते आणि खाली ती पट्टीसारखी बर धरते. एक इशारा द्यायला हवा: काही मशीनवर अधिक म्हणजे प्लेटच्या वर, काहींवर अधिक म्हणजे आत. तुमच्या मशीनचं चिन्ह मॅन्युअलमधून खात्री करून घ्या, दुसऱ्याच्या मशीनचा आकडा उचलू नका, माझाही नको. शून्य कुठे आहे तेही बघा: पातळ शीटवर कमी पॉवरने अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने दहा-बारा रेघा मारा, सगळ्यात बारीक रेघ जिथे येईल ते खरं शून्य. ते स्क्रीनवरच्या शून्यापासून दीड मिलिमीटर सरकलेलं निघालं तर तुमचा "+४" हा +४ नव्हताच. मग १२ मिमीवर +३ ते +५.५ पर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या पायरीने छोट्या रेघा कापा आणि कडा शेजारी शेजारी ठेवा.

स्पीड ठरवताना तक्ता बाजूला ठेवा आणि ठिणग्यांकडे बघा, अर्थात काचेतून किंवा कॅमेऱ्यावर. बरोबर स्पीडला ठिणग्या कटाखाली सरळ पडतात आणि थोड्या पसरतात. मागे झुकलेल्या असतील तर स्पीड जास्त आहे, आणि कडेवरच्या रेघाही तळाशी मागे वळलेल्या दिसतील. पसरायच्या ऐवजी एका झुबक्यात जाड आणि कमी पडत असतील तर स्पीड कमी. ३ किलोवॅटवर १२ मिमीला ०.९ ते १.१ मीटरच्या दरम्यान कुठेतरी जागा सापडते. मी ०.८५ पासून ०.०५ च्या पायरीने वर जातो, बर सुरू होतो तो आकडा बघतो आणि त्याच्या आठ-दहा टक्के खाली उतरून थांबतो. ही खालची जागा गॅस आणि प्लेट थोडी इकडे-तिकडे झाली तर कामी येते. घाई असली की आपण नेमकी तीच खाऊन टाकतो.

दाब ०.०५ बारच्या पायरीने हलवा, ०.५ पासून ०.८ च्या आत. तुमच्या मशीनवर दाब नेमका कुठे मोजतात, सेन्सर हेडजवळ आहे की मागे, यावर आकडा बदलतो. बदललेलं नोझल मोठं असेल तर त्याच आकड्याला गॅस जास्त जातो, हेही लक्षात ठेवा. जाड प्लेटला आम्ही दुहेरी नोझल वापरतो, उंची १ मिमीच्या आसपास. तोंडावर एक ठिणगी चिकटली तरी बदलतो. नोझल स्वस्त आहे, प्लेट महाग.

पॉवरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सरळ रेघेत वाढवलेली पॉवर क्वचितच नडते, कोपऱ्यात मात्र हमखास नडते. तिथे स्पीड उतरला की त्या प्रमाणात पॉवरही उतरायला हवी, ती वक्ररेषा कंट्रोलरमध्ये चालू आहे का बघा. ड्रॉइंगला चालत असेल तर कोपऱ्याला अर्धा-एक मिलिमीटर त्रिज्या द्या, नाहीतर कोपऱ्यावर क्षणभर थांबून गॅसने थंड करायची सोय असते, ती लावा. जाडीपेक्षा लहान व्यासाच्या भोकांना वेगळं सेटिंग, वेगळा लीड-इन (पिअर्सच्या भोकापासून खऱ्या कडेपर्यंतची सुरुवातीची रेघ) आणि पल्स मोड (किरण तुटक-तुटक सोडणं) लागतो. तो स्वतंत्र विषय आहे.

पिअर्सिंगचंही एक वाक्य. भोक पाडताना वर उडालेल्या स्लॅगची टेकडी लीड-इनच्या वाटेत असेल, तर हेडची उंची तिथे उड्या मारते आणि कट सुरुवातीलाच बिघडतो. पिअर्सिंग दोन-तीन टप्प्यांत करा आणि लीड-इन त्या टेकडीच्या बाहेर जाईल इतका लांब द्या.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. "चांगला कट" म्हणजे किती चांगला, हे तुमचं गिऱ्हाईक ठरवतं. थर्मल कटिंगच्या कडेसाठी आयएसओ ९०१३ हे मानक आहे. त्यात खडबडीतपणाचा दुसरा वर्ग म्हणजे ४० अधिक जाडीच्या ०.८ पट मायक्रॉन. १२ मिमीला ते जवळपास ५० मायक्रॉन होतं. कड काटकोनातून किती ढळली चालेल त्याचा दुसरा वर्ग ०.१५ अधिक जाडीच्या ०.००७ पट मिलिमीटर, म्हणजे १२ मिमीला ०.२३ च्या आसपास. गिऱ्हाईक "आरशासारखी कड पाहिजे" म्हणालं की मी हे दोन आकडे कोटेशनवर लिहितो, मग बोलणं लवकर संपतं. फॅब्रिकेशनला जाणारी बेस प्लेट आणि थेट असेंब्लीला जाणारं ब्रॅकेट यांना एकाच मापाने मोजून तुम्ही स्वतःचंच नुकसान करता.

आणि जॉब पावडर कोटिंगला जाणार असेल तर कड कितीही सुंदर असो, ऑक्सिजनने कापलेल्या कडेवर ऑक्साईडचा पापुद्रा असतो. तो न काढता कोटिंग केलं तर पापुद्र्यासकट रंग सुटतो, आणि मग गिऱ्हाईक कोटिंगवाल्याशी भांडतं आणि कोटिंगवाला तुमच्याशी. १२ मिमीला ३ किलोवॅटवर नायट्रोजनचा विचार सोडा, कड घासून द्या किंवा ब्लास्ट करा. पातळ शीटला मात्र नायट्रोजन किंवा कोरडी, तेलविरहित हवा चालते. हवेवर कापायला आम्ही नाइलाजाने शिकलो. २२ एप्रिल २०२१ पासून केंद्र सरकारने थोडे उद्योग वगळता कारखान्यांचा ऑक्सिजन बंद करून दवाखान्यांकडे वळवला, आणि ते बरोबरच होतं. त्या दिवसांत जाड प्लेटची कामं ठप्प झाली, पण ३ मिमीपर्यंतचं एमएस कॉम्प्रेसरच्या हवेवर बऱ्यापैकी निघतं हे तेव्हा कळलं. फक्त पावसाळ्यात ड्रायर नीट नसेल तर हवेतलं पाणी थेट काचेवर येतं. चिलरचं पाणी फार थंड ठेवलंत तरी दमट दिवसांत ऑप्टिक्सवर दव धरतं. जून ते सप्टेंबर आम्ही सकाळी मशीन चालू करून एसी आणि ड्रायर थोडा वेळ फिरू देतो, मगच लेझर चालू करतो.

तेव्हा उद्या सकाळी एवढं करा. जुने चार आकडे, थंड कोपरा, १०० मिमीचा चौकोन, खडूची खूण. त्याच चौकोनाचा दुसरा तुकडा उसन्या सिलिंडरवर. दोन्ही तुकड्यांवर मार्करने तारीख, प्लेटचा हीट नंबर (मिलच्या बॅचचा नंबर) आणि सिलिंडरवाला लिहून ठेवा. फोटो टाकाल तर वरून काढू नका. तुकडा उभा धरून कापलेल्या अंगाचा एक आणि उलटा करून खालच्या कडेचा एक, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. बर हातोडीने उडतो की ग्राइंडर लागतो तेही लिहा, मग पुढे बोलू.